आधी मोकळी जागा, मग इमारती : मुंबईचे हॉर्निमन सर्कल

प्रस्तावना

तळेगाव दाभाडे येथील जुन्या वस्तीतून तुम्ही अनेकदा गेला असाल. तळे, सरदार दाभाड्यांचा वाडा, बनेश्वराचे मंदिर, पेठ यांच्या भोवती वाटा वळल्या आणि त्या जेथे मिळाल्या तेथे चौक तयार झाला. असा चौक कोणी आखत नाही. माणसांच्या येण्याजाण्यातून तो घडतो. याउलट काही चौक आधी कागदावर आखले जातात. असा एक आखीव चौक आपल्या राज्यात, मुंबईच्या कोट भागात आहे. त्याचे आजचे नाव हॉर्निमन सर्कल. स्थळवर्णनपर गद्याचा अभ्यास करताना वास्तूही वाचता यावी, या हेतूने आपण त्याची ओळख करून घेऊ.

जॉर्जियन चौकाची कल्पना

इंग्लंडमध्ये 1714 ते 1830 या काळात जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक गादीवर आले. म्हणून त्या काळातील वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात. या शैलीतील चौकाचे मर्म असे : मध्ये कठड्याने वेढलेली बाग आणि भोवती एकसारख्या दर्शनी भागाची घरे. बाथ या गावातील ‘रॉयल क्रेसेंट’ (1767 ते 1774) ही अर्धचंद्राकार रांग समोरून एकच राजवाडा भासते. प्रत्यक्षात ती तीस स्वतंत्र घरे आहेत. दर्शनी भिंत वास्तुकाराने ठरवली. तिच्यामागचे घर ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधले. त्यामुळे मागून पाहिल्यास घरांत मेळ दिसत नाही. खाजगी मालकीला धक्का न लावता सार्वजनिक शिस्त कशी आणावी, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

मुंबईतील प्रयोग

कोटाच्या मध्यभागी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होते. त्याच्या पश्चिमेस 1718 मध्ये प्रार्थनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च आणि पूर्वेस 1833 मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल. कर्नल टॉमस कूपर यांनी आराखडा केलेल्या या टाउन हॉलचे भव्य डोरिक स्तंभ आणि रुंद पायऱ्या जॉर्जियन काळाच्या अखेरच्या अभिरुचीची साक्ष देतात. मैदानावर मात्र कापसाच्या गासड्या रचल्या जात.

या मैदानाचे वर्तुळाकार चौकात रूपांतर करण्याची कल्पना चार्ल्स फोर्जेट या अधिकाऱ्याने मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतरचे सर बार्टल फ्रिअर यांनी तिला पाठबळ दिले. नगरपालिकेने सर्व जागा विकत घेतली, मधला भाग बागेसाठी राखला आणि भोवतालचे भूखंड विकले. इंग्रज व्यापारी पेढ्यांनी ते लगोलग घेतले. काळ अनुकूल होता : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा खेळू लागला. कोटाचे तटही याच दशकात पाडले गेले. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या. चौक मात्र टिकला.

रचनेचे वाचन

टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहून पश्चिमेकडे पाहा. समोर बाग आणि तिच्यापलीकडे कमानदार इमारतींची वळणदार रांग दिसते. मालक वेगळे असले तरी उंची, मजल्यांच्या रेषा आणि कमानींची लय एकच आहे. तळमजल्यावरील कमानींखालून पादचाऱ्याला ऊन-पाऊस न लागता जाता येते. कमानींच्या माथ्यावरील दगडांवर कोरलेले चेहरेही पाहण्याजोगे आहेत. या इमारती काळाने व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतील. अलंकरणात इटालियन वळणाच्या. परंतु मांडणीची कल्पना जॉर्जियन आहे. शैली आणि काळ यांची गल्लत येथे टाळावी.

नावाचे स्थित्यंतर

प्रारंभी या चौकाला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. हे एल्फिन्स्टन 1853 ते 1860 या काळातील गव्हर्नर. पेशवाईच्या अस्ताशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे पुतणे. स्वातंत्र्यानंतर चौकाला बेंजामिन गाय हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे हे इंग्रज संपादक भारतीयांच्या बाजूने निर्भीडपणे लिहीत; 1919 मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. एका इंग्रजाचे नाव जाऊन दुसऱ्या इंग्रजाचे आले. परंतु पहिले सत्तेचे होते, दुसरे सत्तेला विरोध करणाऱ्याचे. दगड तेच राहिले, त्यांचा अर्थ बदलला.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचें वर्णन’ 1863 मध्ये, म्हणजे नेमके हे स्थित्यंतर घडत असताना प्रसिद्ध झाले. बदलत्या शहराकडे मराठी लेखक कसा पाहतो, हे समजण्यासाठी ते अवश्य वाचावे.

समारोप

या चौकाचे खरे महत्त्व त्याच्या क्रमात आहे : मोकळी जागा आधी ठरली, भूखंड नंतर विकले गेले. आणि ती जागा राखल्याने नगरपालिकेचे नुकसान झाले नाही. भूखंडांच्या विक्रीतून तिला चांगला नफाच झाला. आज तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखान्यांपाठोपाठ नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. तेथे अनेकदा क्रम उलटा दिसतो : आधी इमारती, आणि उरेल त्या कोपऱ्यात बाग. परकी सत्ता आणि कापसाचा नफा यांतून जन्मलेल्या चौकाचे गुणगान करण्याचे कारण नाही. परंतु सर्वांच्या जागेचा विचार प्रथम करावा, हा त्यातील धडा आपण घेऊ शकतो.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील एक जुना चौक आणि नव्या वसाहतीतील एक मोकळी जागा निवडा. तेथे कोण बसते, कोण नुसते ओलांडून जाते, सावली कोठे आहे, याची सकाळी आणि सायंकाळी नोंद करा. त्या नोंदींच्या आधारे दोन्ही स्थळांचे तुलनात्मक वर्णन सुमारे 200 शब्दांत लिहा.