ऑगस्टपासून मेपर्यंतचं गाव

आम्ही इथाकाला पोचलो तो जूनचा मध्य होता. पहिल्याच संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि थोड्या वेळाने नवऱ्याने विचारलं, "आज इथे बंद आहे की काय?" रस्ते ओस, लाकडी घरांच्या ओळीच्या ओळी अंधारात, एका खानावळीच्या दारावर 'ऑगस्टमध्ये भेटू' अशी पाटी. न्यूयॉर्कला चाललोय, असं सांगलीत सगळ्यांना सांगून आम्ही निघालो होतो. ते खोटं नव्हतं. राज्य न्यूयॉर्कच होतं. ते प्रसिद्ध शहर मात्र तिथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर, बसने पाच तासांवर.

इथाका हे कॉर्नेल विद्यापीठाचं गाव. २०२० च्या जनगणनेत वस्ती बत्तीस हजार. कॉर्नेलचे विद्यार्थी पंचवीस हजारांच्या आसपास, समोरच्या टेकडीवरच्या इथाका कॉलेजचे आणखी काही हजार. मुलं गेली की गाव जातं. अमेरिकेत अशी गावं डझनांनी आहेत आणि मराठी घरांतली मुलं बहुधा त्यांतल्याच एखाद्या गावी जाऊन पडतात. आपण मात्र डोळ्यांपुढे मॅनहॅटन आणून बॅग भरतो.

गावाचं नाव ग्रीक पुराणातलं. क्रांतियुद्धानंतर सैनिकांना या भागातल्या जमिनी वाटल्या तेव्हा ग्रीक-रोमन नावांची खैरात झाली. म्हणून आजूबाजूला युलिसिस, ओव्हिड, होमर, व्हर्जिल अशी गावं आहेत आणि होमरला जाणारी बस चुकली, असं वाक्य गंभीरपणे बोलता येतं. त्याआधी ही जमीन कयुगा या मूलनिवासी लोकांची होती. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्याने त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली. गावच्या तळ्याला आजही त्यांचंच नाव आहे.

हे कयुगा तळं लांबीला साठेक किलोमीटर आणि रुंदीला जेमतेम पाच-सहा. हिमनद्यांनी खरवडून काढलेलं. त्याच खरवडण्यामुळे ओढ्यांनी शेल खडकात खोल घळी कापल्या आणि गावातच धबधबे झाले. जवळचा टॅघॅनॉक २१५ फुटांचा आहे, उंचीला नायगाऱ्यापेक्षा जास्त. बाजारपेठ खाली, विद्यापीठ वर टेकडीवर. हा चढ नकाशात दिसत नाही. 'विद्यापीठापासून एक किलोमीटर' या जाहिरातीचा खरा अर्थ जानेवारीत कळतो.

तारायंत्राच्या धंद्यात पैसा केलेल्या एझ्रा कॉर्नेलने १८६५ मध्ये टेकडीवरचं आपलं शेत आणि पाच लाख डॉलर देऊन हे विद्यापीठ उभं केलं. रतन टाटा इथे वास्तुकला शिकले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. ज्ञानकोशकार केतकर इथलेच, हे सांगितलं की मात्र लोक चमकतात. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेला आले, कॉर्नेलमध्ये राज्यशास्त्र शिकले आणि डॉक्टरेट घेऊन गेले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये इथाकातच छापलं गेलं. तेव्हा ते पंचविशीत होते. परदेशी विद्यार्थ्यांचा कॉस्मोपॉलिटन क्लब इथे १९०४ पासूनच होता, म्हणजे परक्या मुलांची या गावाला तेव्हाही सवय होती. कणीक, डाळ, मोहरी केतकरांनी कुठून मिळवली असेल, हा प्रश्न मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा जास्त छळतो. आता गावातल्या दुकानांत सगळं मिळतं, आणि ताजी मेथी हवीच असेल तर तासाभरावर सिरॅक्यूज आहे.

आता घराचं. कॉलेजच्या गावात दिनदर्शिका जानेवारीला सुरू होत नाही, ऑगस्टला होते. घरं वर्षाच्या करारावर मिळतात, करार ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि पुढच्या ऑगस्टचे करार आदल्या शरद ऋतूतच व्हायला लागतात. विद्यापीठाजवळची चांगली घरं दहा-अकरा महिने आधी गेलेली असतात. आम्हाला जूनमध्ये एक सबलेट, म्हणजे पोटभाड्याची खोली, अगदी स्वस्तात मिळालं, कारण सुट्टीत घरी गेलेल्या मुलांना रिकाम्या खोलीचं निम्मं भाडं सुटलं तरी पुष्कळ वाटतं. आम्ही खूश. जुलैत समजलं की ती खोली एक ऑगस्टला दुसऱ्याची आहे आणि आम्हाला परवडेल असं गावात काही उरलेलं नाही. जुन्या भाडेकरूंनी जुलैअखेर निघायचं आणि नव्यांनी काही दिवसांनी शिरायचं, अशी मधली फटही असते. त्या दिवसांत अंगणात सोफे, मित्रांच्या जमिनीवर गाद्या आणि भाड्याच्या ट्रकांची रांग, हे दृश्य दरवर्षीचं. आम्ही शेवटी शेजारच्या लान्सिंगला गेलो, बसच्या भरवशावर. टीकॅट नावाची ही बस चांगली आहे, पण तीही विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालते. सुट्टी लागली की फेऱ्या कमी.

भाडं सांगतात ते पुष्कळदा एका खोलीचं असतं, घराचं नव्हे. ते आधी विचारा. हीटिंग भाड्यात आहे का, हे त्याहून आधी विचारा, कारण शंभर वर्षांच्या लाकडी घरात सहा महिने भट्टी पेटती ठेवायचा खर्च भाड्याशी स्पर्धा करतो. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. घर न दाखवताच पैसे पाठवायला सांगणारा माणूस घरमालक नसतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाने हे धडे पैसे भरून घेतले.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. विद्यापीठाच्या परदेशी विभागात नोंद, काही दिवस थांबून सोशल सिक्युरिटीचा अर्ज, बँक, मग फोन. भारतातली पत इथे बहुतेक ठिकाणी शून्य धरली जाते, म्हणून सुरुवातीला स्वतःचेच पैसे अनामत ठेवून क्रेडिट कार्ड घ्यावं लागतं. याचा अपमान वाटून घेऊ नये.

जोडीदाराबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण त्याबद्दल निघण्यापूर्वी कोणीच बोलत नाही. विद्यार्थ्याबरोबर एफ-टू व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. विनिमय कार्यक्रमावर आलेल्यांच्या जोडीदारांना, म्हणजे माझ्यासारख्या जे-टूवाल्यांना, कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण तो हातात पडायला महिने जातात. नोकरदाराबरोबर एच-फोरवर आलेल्यांत परवानगी मिळते ती काहींनाच, ज्यांच्या घरात ग्रीन कार्डची प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते त्यांना. बारा वर्षं बँकेत काम केलेली बाई इथे सकाळी नऊ वाजता डबा भरून दिला की मोकळी. गाव सुंदर आहे, तळं सुंदर आहे, आणि दुपारी दोन वाजता दोन्हींचा कंटाळा येतो.

मला तारलं ते जिल्ह्याच्या सार्वजनिक वाचनालयाने. पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड फुकट मिळतं. वाचनालयाचे मित्र म्हणवणारी मंडळी मे आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या पुस्तकांची प्रचंड विक्री भरवतात. दिवसागणिक किंमत उतरत जाते. वर्षभर पुस्तकांची वर्गवारी करायला स्वयंसेवक लागतात आणि त्याला कसलाच परवाना लागत नाही. निवृत्त प्राध्यापक, त्यांच्या बायका, एक माजी बसचालक, अशा लोकांत बसून मी खोकी उपसली. गावात कायमचे राहणारे लोक मला तिथे भेटले. मुलं पाखरांसारखी येऊन जातात, हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून मैत्री करताना ते पहिल्यांदा विचारतात, "किती वर्षं आहात?"

त्या खोक्यांत मराठी पुस्तक कधी निघालं नाही. ती वर टेकडीवर, विद्यापीठाच्या क्रॉक ग्रंथालयात आहेत. ती तिथे पोचली ती गव्हामुळे. साठच्या दशकात रेशनवर अमेरिकेचा लाल गहू आला तो पी.एल. ४८० करारातून. त्या गव्हाचे आपण दिलेले रुपये भारतातच साठले होते. १९६२ पासून त्याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकेतल्या ठरावीक ग्रंथालयांसाठी घेतली गेली. कॉर्नेल त्यांतलं एक. आपल्या आजीने नाक मुरडून खाल्लेल्या पोळ्यांच्या पैशात ही कपाटं भरली आहेत.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. १९७३ मध्ये सुरू झालेलं मूसवूड हे शाकाहारी उपाहारगृह इथलंच. शनिवारचा शेतकरी बाजार तळ्याकाठी भरतो आणि तिथला सगळा माल तीस मैलांच्या आतला असावा लागतो. घरी फोडणी देताना मात्र खिडकी उघडा. धुराचा भोंगा मिरची आणि आग यांत फरक करत नाही.

हिवाळ्याबद्दल सगळेच सांगतात, पण सांगतात ते थंडीचं. साठेक इंच बर्फाची सवय होते. अंधाराची होत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ पाचच्या आत संपते. दिवाळी उशिरा आली तर आकाशकंदील दुपारच्या चहाबरोबर लावता येतो. हिवाळ्यात रात्री गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची, हे तारीख सम की विषम यावर ठरतं. पुण्याच्या माणसाला हे एवढं एकच अमेरिकेत घरच्यासारखं वाटतं.

मेच्या अखेरीस पदवीदान होतं आणि गाव दोन दिवसांत रिकामं होतं. पदपथांवर टेबलं, दिवे, पंखे, कधी चालू मायक्रोवेव्ह. आमचा निम्मा संसार त्यातला आहे. मुलांच्या पदवीदानाला येणाऱ्या आईवडिलांनी हॉटेलची खोली वर्षभर आधी बघावी. तिकीट काढल्यावर ती शोधणारे शेवटी तासभर लांबच्या मोटेलात राहतात.

आणि पुढच्या ऑगस्टला तुमच्या घरातलं कोणी अशा गावी निघणार असेल, तर हा अंक खाली ठेवून त्यांना आजच फोन करा. प्रवेशाचं पत्र यायचं असेल, व्हिसाचा पत्ता नसेल, तरी गावातल्या भाड्यांची चौकशी आत्ताच सुरू करायला सांगा. पुढच्या वर्षीच्या घरांचे करार आदल्या दिवाळीतच होत असतात.