बुग्यालांची वाट आणि पाठीवरचे ओझे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस हिमालयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नाही म्हटले. हिमालयावर बोलावे ते साधुसंन्याशांनी, नाहीतर शिखरे चढणाऱ्यांनी. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते बाजार समितीच्या आवारात हमालांची संघटना बांधताना आणि रात्री वाचनालयाची पुस्तके चाळताना. परंतु चालक म्हणाले, "तुम्ही त्या वाटेने चालून आलात ना? मग जे पाहिले तेवढेच सांगा." तेवढे सांगणे आम्हांस जमेल असे वाटते.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही एका तुकडीबरोबर गढवालातील आली आणि बेदनी या दोन बुग्यालांची पदयात्रा केली. आपल्याकडील शिक्षक, दुकानदार, कॉलेजातील मुलेमुली अशा यात्रांना आता पुष्कळ जातात. पैसे भरावेत, पाठीवर पिशवी घ्यावी आणि वाटाड्यामागून चालावे, इतके ते सोपे दिसते. ते सोपे कोणामुळे होते, हे आज सांगावयाचे आहे.

बुग्याल म्हणजे काय?

हिमालयात चढत गेले म्हणजे आधी चीड लागतो, मग बांज आणि बुरांस, त्याहून वर खर्सू. आणि सुमारे ३,३०० मीटरांच्या पुढे झाडे एकाएकी संपतात. तेथून बर्फापर्यंत जी गवताची कुरणे पसरली आहेत, त्यांना गढवाली लोक बुग्याल म्हणतात. झाडे तेथेच का थांबतात? तेथला उन्हाळा इतका आखूड आणि थंड असतो, की झाडाला नवे लाकूड घडविण्यास सवड मिळत नाही. गवताचे तसे नसते. ते आपला जीव मुळांत सांभाळते. पाच-सहा महिने बर्फाखाली निजते, बर्फ वितळताच उठते, श्रावणात फुलांनी भरून जाते आणि आश्विनात सोन्यासारखे पिवळे होते. अतीस, कुटकी, जटामांसी या वैद्यांच्या वनस्पती याच उंच पट्ट्यातल्या.

आमची वाट अशी होती. काठगोदामपर्यंत रेल्वे, तेथून मोटारीने अल्मोडा, ग्वालदम, थराली, देवाल असे करीत दिवसभराने लोहाजंग. हे गाव सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी नदीपर्यंत उतरून पुन्हा चढून दिदना गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी दाट जंगलातून आबिन खरकला मुक्काम. तिसऱ्या दिवशी आली बुग्याल, तेथून कडेकडेने बेदनी, आणि संध्याकाळी खाली उतरून गैरोली पाताल येथे जंगलात मुक्काम. चौथ्या दिवशी वाण गाव. या वाणमध्ये लाटू देवतेचे मंदिर आहे. ते वर्षातून एकदाच उघडते, आणि पुजारीही डोळ्यांना पट्टी बांधून आत जातो.

आलीच्या कुरणावर पाऊल पडले तेव्हा आमच्या तुकडीत कोणी बोलेना. समोर ७,१२० मीटर उंचीचे त्रिशूल आणि शेजारी नंदाघुंटी, पायांखाली मैलोगणती लवलवते गवत. आपण कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांचे माळ पाहिले आहेत. तशाच एखाद्या माळाला कोणीतरी आभाळाच्या कडेला नेऊन पसरले असावे, असे आम्हांस वाटले.

विरळ हवेचा कायदा

आता शरीराविषयी दोन शब्द. आपले धनज समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. आली बुग्याल सुमारे ३,४०० मीटरांवर. हवेतील प्राणवायूचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, शेकडा २१. परंतु वर हवेचा दाबच कमी. म्हणून एका श्वासात जितका प्राणवायू समुद्रकाठी मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशच तेथे मिळतो. दाब कमी म्हणून पाणीही ९० अंशांच्या आसपासच उकळते, आणि डाळ शिजता शिजत नाही. दर हजार मीटरांमागे साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढते.

शरीर या उणिवेशी जुळवून घेते. पण त्यास दिवस द्यावे लागतात. घाईने चढले तर डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही, भूक मरते. हा पहिला इशारा. तो न जुमानता वर गेले तर फुफ्फुसांत पाणी भरते, स्वस्थ बसल्यावरही धाप लागते, खोकला सुटतो; किंवा मेंदूला सूज येऊन माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो आणि असंबद्ध बोलतो. या दोन्ही अवस्थांत काही तासांत प्राण जाऊ शकतो. औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. पण खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा दंडक आहे.

हा कायदा श्रीमंतास आणि गरिबास एकच आहे. परंतु त्याची अंमलबजावणी एकसारखी होते काय? हे आम्हांस तिसऱ्या दिवशी सकाळी आबिन खरकला कळले.

एका मुलाची गोष्ट

आम्ही चालणारे चौदा. आमच्यासाठी राबणारे नऊ: एक प्रमुख वाटाड्या, त्याचा साहाय्यक, स्वयंपाकी व त्याचा मदतनीस, दोघे खेचरवाले आणि तिघे हमाल. तंबू, सिलिंडर, शिधा, भांडी हे सगळे यांच्या आणि खेचरांच्या पाठीवर. ही माणसे आमच्या मागून निघत, वाटेत आम्हांस ओलांडून जात, आणि आम्ही पोचेपर्यंत चहा तयार असे. रोज संध्याकाळी वाटाड्या आमच्या बोटांना यंत्र लावून रक्तातील प्राणवायू मोजी आणि वहीत लिहून घेई. चौदा नावे, चौदा आकडे.

त्या सकाळी हमालांतील एक मुलगा, असेल वीस-एकवीस वर्षांचा, स्वयंपाकाच्या तंबूमागे डोके धरून बसला होता. त्याला उलटी झाली होती. स्वयंपाकी म्हणाला, "सर्दी असेल. पहाडी माणूस आहे, त्याला काय होणार?" आम्ही मुलाजवळ बसून विचारपूस केली. घर पिंडर नदीच्या खोऱ्यात. पण पावसाळाभर तो हल्द्वानीच्या बाजारात पोती वाहत होता आणि चारच दिवसांपूर्वी वर आला होता. मंडळी, हल्द्वानीची उंची आपल्या धनजइतकीच, चारशे मीटरांच्या आसपास! म्हणजे त्या मुलाचे रक्त आमच्या रक्ताइतकेच मैदानी झाले होते. फरक इतकाच की आमच्या पाठीवर पाण्याची बाटली होती आणि त्याच्या पाठीवर स्वयंपाकघर.

"काल का नाही बोललास?" आम्ही विचारले.

"साहेब, खाली पाठवले तर दिवस भरत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य आम्ही बाजाराच्या आवारात तीस वर्षे ऐकत आलो आहोत. कमरेत लचक भरलेला हमाल हेच म्हणतो. उंची दोन-अडीच हजार मीटरांनी वाढली, वाक्य बदलले नाही.

आम्ही वाटाड्याला सांगितले तेव्हा तो वरमला. त्याने यंत्र लावले, आकडा पाहिला आणि साहाय्यकाबरोबर मुलाला तत्काळ दिदन्याला उतरविले. संध्याकाळी निरोप आला, मुलगा जेवला. वाटाड्याचा दोष आम्ही मानत नाही. तोही हंगामी नोकरच. त्याच्या वहीत हमालांसाठी रकानाच छापलेला नव्हता. नियम असा होता, की जितके दिवस ओझे वाहिले तितक्याच दिवसांचे पैसे. शेवटी आम्ही चौदा जणांनी वर्गणी करून त्याचे बुडालेले दिवस भरले. मुलाने पैसे घेतले, पण आमच्याकडे पाहिले नाही. ते आम्हांस लागले. त्याचे बरोबर होते. वर्गणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मजुरी हक्काने मिळते. एकीने मान खाली जाते, दुसरीने वर राहते.

सरयूत बुडविलेल्या वह्या

पहाडी माणसाला हा भेद ठाऊक नाही असे कोणी समजू नये. आमची मोटार ज्या मुलखातून गेली, त्याच्या जवळच सरयू आणि गोमती यांच्या संगमावर बागेश्वर आहे. इंग्रजी अमलात कुमाऊँ-गढवालच्या गावकऱ्यांवर 'कुली बेगार' लादलेली होती. साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचे सामान गावकऱ्यांनी फुकट वाहावयाचे. कोणाची पाळी कधी, याच्या वह्या गावच्या प्रमुखाकडे असत. १९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हजारो लोक जमले, यापुढे बेगार करणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली आणि त्या वह्या सरयूच्या पाण्यात फेकून दिल्या. बेगार संपली. १९२९ मध्ये गांधीजी मुद्दाम बागेश्वरला गेले.

आपल्या महाराष्ट्रानेही ही वाट चोखाळली आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि ओझे वाहणाऱ्यास मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी हे शब्द प्रथमच आपले म्हणता आले. दूर दक्षिण अमेरिकेत पेरू देशात, जेथे डोंगरवाटांवर आपल्यासारखेच हौशी चालणारे येतात, २००१ साली हमालांसाठी खास कायदा झाला आणि पुरुषाच्या पाठीवरील ओझ्याला २० किलोंची मर्यादा घातली गेली. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

गवताचाही पक्ष आहे

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. २०१८ च्या ऑगस्टात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि येणाऱ्यांची संख्या दोनशेंवर मर्यादित केली. आमचे तंबू गवतावर न लागता जंगलात लागत होते ते त्यामुळेच. या आदेशाविषयी प्रथम वाचले तेव्हा आमच्यातील संघटनेचा माणूस रागावला. वाटाडे, खेचरवाले, हमाल यांच्या पोटावर पाय आला, असे आम्ही म्हणालो. मग कळले की न्यायालयात गेली होती ती आली-बेदनी-बगजी बुग्यालांच्या संरक्षणासाठी निघालेली समिती. आमचा राग थंडावला आणि विचार सुरू झाला.

बुग्यालाचा गवताचा थर सतरंजीसारखा असतो. खाली माती थोडी. तंबू एकाच जागी राहिला की गवत कुजते. खेचरांच्या खुरांनी वाट खोल होते, त्या वाटेने पावसाचे पाणी धावते, पाणी माती नेते आणि घळ पडते. आपल्याकडे माळावर गेलेले गवत दोन पावसाळ्यांत परतते. तेथे वाढीचे दिवसच मोजके, म्हणून एका हंगामातील जखम भरावयास कित्येक वर्षे लागतात. आणि कुरण गेले तर मेंढपाळ जातो, वाटाडा जातो, हमालही जातो. तेव्हा गवत आणि मजूर यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे चूक आहे. परंतु गवत वाचविण्याचा सगळा भार मजुराच्याच बुडालेल्या दिवसांवर टाकणे, हीही तितकीच चूक आहे. कमी माणसे वर जावीत हे योग्य. मग जे जातील त्यांनी पुरता मोबदला द्यावा.

जाण्यापूर्वी काय विचारावे

आपणांपैकी जे जातील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी अन्न कसले, तंबू कसला, एवढेच विचारू नये. आणखी पाच प्रश्न विचारावेत. एका माणसाच्या पाठीवर किती किलो देता, आणि ते वजन करून देता काय? त्याला जोडे, गरम कपडे आणि निजावयास कोरडी जागा आहे काय? रोजची तपासणी त्याचीही होते काय? तो आजारी पडल्यास सोबत देऊन उतरविता काय, आणि त्याचे दिवस भरता काय? त्याचा विमा आहे काय? उत्तरे लेखी मागावीत. एकाने विचारले तर हसतील. चौदा जणांनी विचारले तर वहीत रकाना छापतील. संघटनेचे सारे शास्त्र इतकेच आहे.

आणि स्वतःची पिशवी शक्यतो स्वतः वाहावी, कचरा खाली आणावा, डोके दुखले तर लपवू नये. ज्याला जमत नाही त्याने वरून परतावे. त्रिशूल कोठे पळून जात नाही.

आमच्या तुकडीने परतल्यावर पत्र लिहिले. चौदा सह्या केल्या. पुढल्या हंगामापासून हमालांचीही रोज तपासणी करू, असे उत्तर आले. भरपगारी आजारपणाविषयी मात्र अक्षर नव्हते. आम्ही दुसरे पत्र लिहिले आहे. आपणांपैकी कोणी यंदा त्या वाटेने जाणार असेल, तर त्याने तिसरे लिहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.