वन्यजीवांचे चलच्चित्रण : पहिली पावले

वन्यजीवांचे चलच्चित्रण करावयाचे तर घनदाट अरण्य, मूल्यवान यंत्रसामग्री आणि समोर वाघ किंवा हत्ती हवाच, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हे चेन्नई नगराच्या उदाहरणावरून चांगले कळते. पूर्वी मद्रास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या महानगराच्या वस्तीतच गिंडीचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.७ चौरस किलोमीटर. तथापि तेथे काळवीट आणि चितळ मोकळे वावरतात. नगराच्या दक्षिणेस पळ्ळीकरणैची पाणथळ जमीन आहे आणि पूर्वेस सागरकिनारा. पाहणाऱ्याची दृष्टी तयार असेल, तर विषयांची वाण पडत नाही.

ही दृष्टी कशी घडते? मा. कृष्णन (१९१२–१९९६) या मद्रासच्या निसर्गनिरीक्षकाने १९५० पासून मृत्यूपर्यंत ‘स्टेट्समन’ या इंग्रजी वृत्तपत्रात निसर्गविषयक सदर लिहिले. हत्तींप्रमाणेच कावळा, खार आणि सरडा हेही त्यांच्या लेखणीचे विषय होते. त्यांची छायाचित्रे स्थिर व कृष्णधवल असत. परंतु परिचित प्राण्याकडेही नव्याने पाहण्याचा त्यांचा पाठ चलच्चित्रकाराला तितकाच उपयोगी आहे.

दुसरे उदाहरण शेखर दत्तात्री यांचे. वयाच्या तेराव्या वर्षी ते मद्रासच्या सर्पोद्यानात विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. सर्पांची ओळख आधी झाली आणि चित्रपटांची निर्मिती नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्राण्याच्या सवयी ज्याला ठाऊक असतात, त्याला पुढच्या क्षणी काय घडेल याचा अंदाज बांधता येतो. सरडा मान कधी हलवील, बगळा मासा टिपण्यापूर्वी कसा स्तब्ध होईल, हे ज्याला माहीत असते, त्याचाच कॅमेरा योग्य वेळी सुरू असतो.

म्हणून आरंभ वहीपासून करावा. घराजवळचा एकच प्राणी निवडावा आणि निदान आठ दिवस ठराविक वेळी त्याचे निरीक्षण करावे. तो कोठे बसतो, काय खातो, कोणास भितो, ऊन कोणत्या बाजूने येते, हे टिपून ठेवावे. त्यानंतरच कॅमेरा हाती घ्यावा. प्रारंभी साधा भ्रमणध्वनीही पुरेसा होतो. तिपाई मात्र अवश्य असावी. दूरचे दृश्य जवळ आणणारे भिंग हाताचा किंचितसा कंपही त्याच प्रमाणात मोठा करून दाखवते.

प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर ठेवावे. नवशिका कॅमेरा सतत इकडेतिकडे फिरवतो. त्यामुळे प्रेक्षकाला काहीच नीट दिसत नाही. एकाच प्रसंगाची तीन प्रकारची दृश्ये घ्यावीत : प्राणी कोणत्या परिसरात आहे हे दाखवणारे दूरचे, त्याची कृती दाखवणारे मध्यम अंतराचे आणि डोळा, चोच किंवा पंजा दाखवणारे निकटचे. ही तीन जोडली की कथा आपोआप उभी राहते. चित्रे सेकंदाला १०० या वेगाने घेऊन २५ या वेगाने दाखवली, तर हालचाल चौपट संथ दिसते. पक्ष्याच्या पंखांची गती अभ्यासण्यास ही युक्ती सोयीची आहे.

परंतु या कलेत एक गोष्ट तंत्राहून महत्त्वाची आहे, आणि ती चेन्नईच्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसते. साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री वाळूत येऊन एका वेळी सुमारे शंभर अंडी घालतात. अंड्यांतून दीड-दोन महिन्यांत पिले बाहेर पडतात व जेथे क्षितिज अधिक उजळ असेल तिकडे धावतात. निसर्गतः ते समुद्राचे क्षितिज असते. नगरात मात्र रस्त्यावरील दिवे त्यांना भलत्याच दिशेला नेतात. म्हणूनच १९८८ पासून तेथील विद्यार्थ्यांची एक संघटना रात्री किनाऱ्यावर फिरून अंडी सुरक्षित जागी हलवते. अशा ठिकाणी चित्रणासाठी प्रखर दिवा लावला, तर कासवीण अंडी न घालताच परत फिरू शकते. मग चित्र मिळाले, पण ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याचीच हानी झाली!

समंजस चित्रकार येथे दिवा बाजूला ठेवतो. पहाटेच्या प्रकाशात वाळूवर उमटलेला कासविणीचा माग, अंडी मोजणारे स्वयंसेवकांचे हात, उबवण-केंद्राचे कुंपण ही दृश्ये घेऊनही संपूर्ण हकिकत सांगता येते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात चित्रणासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक असते. अधिवासात बदल करू नये व प्राण्यांना उपद्रव देऊ नये, ही कायद्याचीच अट आहे. घरट्यासमोरील फांदी तोडणे किंवा आमिष ठेवणे हे म्हणूनच सर्वथा वर्ज्य होय.

या संयमाचे फळ मोठे असू शकते. पश्चिम घाटातील कुद्रेमुख येथे लोहखनिजाच्या खाणीमुळे अरण्याची आणि भद्रा नदीची होणारी हानी दत्तात्री यांनी २००१ मध्ये एका लघुपटातून दाखवली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपवण्याचा आदेश दिला व २००५ च्या अखेरीस ते थांबले. हे श्रेय एकट्या चित्रपटाचे नव्हे. त्यामागे कार्यकर्त्यांचा दीर्घ न्यायालयीन लढा होता. तरीही जे अरण्य बहुसंख्य लोकांनी कधी पाहिलेच नव्हते, ते डोळ्यांनी दिसल्याने त्या लढ्याला बळ मिळाले.

हेच ऑलिव्ह रिडले कासव रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावरही अंडी घालते. इतके दूर जाणे शक्य नसेल, तर शाळेच्या आवारातील चिंचेवरची खार आहेच. तिच्या दिनक्रमाचे पाच मिनिटांचे प्रामाणिक चित्रण करून ते वर्गात दाखवावे आणि सोबत्यांना एकच प्रश्न विचारावा : यात तुम्हाला पूर्वी ठाऊक नसलेले काय दिसले? एका जरी विद्यार्थ्याला उत्तर देता आले, तर पहिले पाऊल योग्य दिशेने पडले असे खुशाल समजावे.