टेम्पो किती वाजता येतो?

निमगाव केतकीच्या पुढे, इंदापूरच्या अलीकडे, पत्र्याच्या लांब शेडपाशी गाडी थांबते तेव्हा दुपारचा दीड वाजतोय. एप्रिल लागलाय, हस्त बहाराचं डाळिंब संपत आलंय. बारामतीला अभियांत्रिकी शिकणारी चार पोरं उतरतात आणि थेट कोल्ड स्टोरेजच्या दाराकडे निघतात. त्यांची घाई समजण्यासारखी आहे, पण सोबतचे सर त्यांना आत जाऊ देत नाहीत.

"आधी बाहेरची हवा मोजा."

एक जण सायक्रोमीटर गोफणीसारखा गरागरा फिरवतो. कोरडा पारा 38 अंश, ओल्या फडक्याचा 21. त्यांच्यातली निमगावची मुलगी तक्त्यावर बोट सरकवत नेते: आर्द्रता 21 टक्क्यांच्या आसपास. दोन पाऱ्यांत 17 अंशांचा फरक आहे. म्हणजे इथे नुसता ओला पॅड आणि पंखा लावला तरी हवा 24-25 अंशांपर्यंत उतरेल. पोल्ट्रीच्या शेडमध्ये आणि पॉलिहाउसमध्ये हेच करतात. जुलैत, हवा दमट झाली की, हीच युक्ती निकामी.

मालक अण्णा खुर्च्या मांडायला सांगतात. जुन्या खोलीशेजारी त्यांनी नव्या खोलीचं जोतं घालून ठेवलंय: 12 मीटर लांब, 8 रुंद, उंची 5. "मशीनवाला 15 टनाचं सांगतोय. तुम्ही काय सांगताय ते बघू," ते म्हणतात. पोरांना त्याचाच हिशोब करायचाय.

पुस्तकात जसं शिकवलंय तशी सुरुवात भिंतींपासून होते. उष्णतारोधक पफ पॅनल 100 मिलीमीटर जाडीचं, बाहेर 40 अंश धरायचे, आत 7. भिंती आणि छत मिळून 296 चौरस मीटर. कॅल्क्युलेटर चालतात, आणि उत्तर येतं सव्वादोन किलोवॉट. शीतकरणाचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, तेव्हा हे पाऊण टनसुद्धा नाही.

"एवढंच?" एक पोरगा वही उलटीपालटी करतो. आपलं चुकलंय अशी त्याची खात्री आहे. गणित बरोबर आहे. मुख्य उष्णता भिंतीतून येतच नाहीये.

ती येते तेव्हा हॉर्न वाजवून येते. टेम्पो मागे घेत शेडला लागतो, हमाल क्रेट उतरवायला लागतात. सर एका डाळिंबात थर्मामीटरची सुई खुपसतात. 35 अंश. रोज असा 10 टन माल येतो. तो 35 वरून 7 वर 24 तासांत आणायचा तर 12 किलोवॉट लागतात. पण अण्णांना 8 तासांत थंड हवाय, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच माल दारात. मग तेच 12 किलोवॉट 36 होतात, शीतकरणाच्या 10 टनांच्या वर. त्यात पंख्यांची मोटर, दिवे, आत वावरणारे हमाल, आणि उघडं राहिलेलं दार. मशीनवाला अगदीच हवेत बोलत नव्हता म्हणायचा.

मला इथे अभियंता विलिस कॅरियर आठवतो. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसत नसत. त्यासाठी त्यानं हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. माणसाच्या घामाचा विचार नंतर आला. बारामती-इंदापूरकडेही गारवा आधी दुधाला, द्राक्षाला, डाळिंबाला मिळतो, आणि ज्या शेडात तो तयार होतो तिथला हमाल टॉवेलनं मान पुसत असतो.

आता खोलीत. काही मिनिटांतच मुलांचे हात काखेत जातात. सर हवा गार करणाऱ्या कॉइलखाली उभे राहून विचारतात, "खोली 7 अंशांवर. कॉइल किती थंड ठेवाल?" कुणी म्हणतं शून्य, कुणी उणे पाच. थंड तेवढी बरी, हा सगळ्यांचाच पहिला अंदाज असतो. पण कॉइल फार थंड झाली की हवेतलं पाणी तिच्यावर जाऊन बसतं, हवा कोरडी पडते, आणि ती आपलं पाणी डाळिंबाच्या सालीतून काढून घेते. साल सुकते, वजन घटतं. आत 90 टक्क्यांच्या वर आर्द्रता हवी, तेव्हा कॉइल खोलीपेक्षा चार-पाच अंशच थंड. तेवढ्या फरकात तेवढीच उष्णता ओढायची तर कॉइल मोठी लागते, आणि मोठी म्हणजे महाग. कोटेशनमध्ये कात्री नेमकी तिथेच लागते; टनाचा आकडा तसाच राहतो, म्हणून घेणाऱ्याला पत्ता लागत नाही. खोली 5 अंशांखाली नेऊनही चालत नाही, माल तसा फार दिवस राहिला तर साल तपकिरी पडते.

बाहेर आल्यावर निमगावची मुलगी अण्णांना विचारते, "काका, ह्या टेम्पोतला माल तोडला कधी?"

"सकाळी. नवाच्या आत."

"मग दीड का वाजला?"

"अगं, तीन बागांचा माल गोळा करतोय त्यो. भरल्याबिगर निघत न्हाई. मधी जेवतोय बी."

ती वहीत नवी ओळ घालते. सकाळचं फळ 25 अंशांचं. तेच सावलीत राहून दहाला इथे पोहोचलं, तर 36 ऐवजी 23 किलोवॉट. साडेतीन टनांहून जास्त फरक, बाभळीखाली जेवत उभ्या असलेल्या टेम्पोचा.

"म्हणजे मशीन बारकं घेऊ?" अण्णा सावध होतात.

"टेम्पो वेळेवर आला तर," सर म्हणतात. "नाहीतर इथंच पॅड आणि पंखे लावून माल आधी पंचविशीच्या आसपास आणा, मग आत घ्या. मात्र पाणी लागेल."

"पाणी!" अण्णा हसतात. मग वही आपल्याकडे ओढून दोन्ही बेरजांवरून बोट फिरवतात. "पोरी, दोन्ही हिशोब लिहून दे. टेम्पोवाल्याला ह्यो बारका दाखवतो. मशीनवाल्याशी बोलायला मोठा ऱ्हाऊ दे."

"आणि कॉइल?" ती विचारते.

"ती किती मोठी म्हणलीस?"

ती पुन्हा कॅल्क्युलेटर उघडते.