मालवणचं मत पक्षाला की माणसाला?

मालवण किनाऱ्यावर काही घरांचं मत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. पण ते पक्षाला बांधलेलं असतंच असं नाही.

मालवण पूर्वी राजापूर लोकसभा मतदारसंघात होतं. तिथून बॅ. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये निवडून आले. त्यानंतर १९७१ पासून मधु दंडवते सलग पाच वेळा जिंकले. प्रजा समाजवादी, जनता पक्ष, जनता दल अशी पक्षाची नावं बदलत गेली, तरी मतदार टिकला. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही.

नारायण राणे १९९० मध्ये शिवसेनेचे आमदार झाले. २००५ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले, तरी पोटनिवडणुकीत मालवणने त्यांनाच निवडलं.

यामागची कारणं बरेचदा घरगुती असतात: मुंबईत चाकरमान्याला लागलेली नोकरी, आजारपणात धावून आलेला कार्यकर्ता, वडिलांनी दिलेला शब्द. मत म्हणजे मग उपकाराची जाण.

मात्र ही जाण वारशाने पूर्ण उतरत नाही. मदत बापाला मिळालेली असते, मुलाची गरज वेगळी असते. दंडवते १९९१ मध्ये हरले. २०१४ मध्ये मालवणचा समावेश असलेल्या कुडाळ मतदारसंघात राणेही.