न खेळणं हेच हत्यार

आज बर्फावरच्या हॉकीबद्दल बोलूया. पण गोलबद्दल नाही, पगाराबद्दल.

1 डिसेंबर 2018. टोरांटो मेपल लीफ्सचा 22 वर्षांचा विल्यम नायलँडर अजून एकही सामना खेळलेला नाही. दुखापत? नाही. करारावर सही नाही. संध्याकाळी पाचपर्यंत ती झाली नाही, तर एनएचएलच्या नियमाने अख्खा मोसम बाद!

तो होता 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट'. हे नाव ऐकून मला आधी वाटलं, म्हणजे पोरगा मोकळा झाला. पण कसलं काय! पहिला करार संपला तरी हक्क जुन्याच संघाकडे. दुसऱ्याने ऑफर दिली, तर जुना संघ सात दिवसांत तेवढेच पैसे कबूल करून त्याला ठेवून घेतो. सोडलाच, तर मोठ्या ऑफरवर ड्राफ्टमधल्या निवडी मागतो. म्हणून सहसा कुणी त्या वाटेला जात नाही.

मग खेळाडूच्या हातात उरतं काय? न खेळणं. पण बसून राहिलं की पगारही बंद.

शेवटच्या काही मिनिटांत सही झाली: सहा वर्षं, साडेचार कोटी डॉलर. जिंकला? थांबा. 28 सामने हुकले होते आणि उरलेल्या 54 सामन्यांत गोल फक्त सात. लय यायला वेळ लागला.

पुढे 2024 मध्ये त्याच संघाने त्याला आठ वर्षांसाठी 9 कोटी 20 लाख दिले. तेव्हा मात्र मोकळं होण्याची तारीख जवळ आली होती. सौद्यात खरी ताकद तीच, नाही का?