हरणासाठी पेरलेले शेत, उलट वाचताना

अमेरिकेतला शिकारी अनेकदा हरणामागे फिरत नाही, हरणालाच बोलावून घेतो. जंगलात किंवा जंगलाच्या कडेला मोकळा तुकडा हेरायचा आणि नांगर-ट्रॅक्टर न नेता तिथे चारा पेरायचा. उन्हाळा सरताना उभ्या तणातच क्लोव्हर, ओट, राय, सलगम यांचे बी फोकायचे आणि वरून तण कापून नाही तर रोलर फिरवून आडवे पाडायचे. हे सगळे पावसाच्या तोंडावर. आडवे पडलेले तण बी झाकते, ओल धरते आणि त्यातूनच कोंब वर येतात. पुढे पानगळ होऊन आसपासचा पाला सुकतो तेव्हा हा एवढाच तुकडा हिरवा राहतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण तिन्हीसांजेला तिथे येते आणि शिकारी मचाणावर बसलेला असतो. गंमत अशी, की तिथल्या काही राज्यांत मक्याचा ढीग टाकून हरीण बोलावले तर गुन्हा, पण पेरलेले शेत चालते.

आपल्याकडे यातले काहीच चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याच इतकी रुंद केली आहे, की मारणे, फास लावणे, हाका घालणे यांच्याबरोबर आमिष दाखवणेही तिच्यात बसते. मारण्यासाठी म्हणून चारा पेरला, तर बंदूक हातात घेण्याआधीच माणूस कायद्याच्या कचाट्यात येतो.

तरी ही पद्धत गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीच्या शेतकऱ्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे. कारण कुणाला बोलवायची इच्छा नसताना तो दर हिवाळ्यात जवळजवळ हेच करतो.

सरदाचे म्हणजे पावसाळी भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून झाले की शेतात थोडी ओल उरते. जांभ्याच्या मातीत ती फार दिवस टिकत नाही. तिच्यात नांगर घातला की खालची माती वर येते, उन्हाला लागते आणि काही दिवसांतच कोरडी पडते. म्हणून अळसांदे (इथली चवळी), कुळीथ, मूग यांच्यासाठी न नांगरणेच शहाणपणाचे ठरते. भाताची खोडे जमिनीलगत कापावीत, पण मुळे उपटू नयेत. ती जागच्या जागी कुजतात आणि मातीत बारीक पोकळ नळ्या ठेवून जातात. त्यांतून हवा आत जाते, पाणी मुरते आणि नव्या पिकाची मुळे त्याच वाटेने खाली उतरतात. खोडाशेजारी काठीने तीन-चार सेंटिमीटर खोल भोक पाडायचे, दोन दाणे टाकायचे, पायाने माती दाबायची आणि ओळींमध्ये पेंढा पसरायचा. कापणी आणि टोकणी यांत आठवडा गेला तरी फरक पडतो. शक्य असेल तर सकाळी कापून संध्याकाळी टोकावे.

कोकणात याच विचाराला नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी शिस्त लावली. त्यांच्या सगुणा राईस तंत्रात एकदाच साधारण मीटरभर रुंदीचे गादीवाफे करायचे आणि पुढे वर्षानुवर्षे ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यात भात टोकायचे, चिखलणी नाही, लावणी नाही. भात निघाले की त्याच वाफ्यावर वाल, चवळी किंवा हरभरा. तण आणि खोडांचे फुटवे मारायला तणनाशक लागते, ही त्यातली मला न रुचणारी बाजू. लहान तुकड्यात विळ्याने काम भागते, मोठ्यात मजूर कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच. आणखी दोन अडचणी आहेत. उभ्या खोडांत भाताचा खोडकिडा दबा धरून राहतो, म्हणून गेल्या हंगामात कीड फार असेल तर खोडे ठेवू नयेत. आणि रब्बी भाताच्या ज्या वायंगण शेतात डिसेंबरपर्यंत पाणी तुंबते तिथे हा प्रकार करूच नये, दाणा कुजतो.

आता इब्रामपूर, हणखणे, साळ, मेणकुरे अशा महाराष्ट्रातल्या दोडामार्गाच्या हद्दीला टेकलेल्या गावांतले जानेवारीतले शेत डोळ्यांसमोर आणा. डोंगरावरचे गवत पिवळे पडलेले, काजूच्या बागेखाली सुका पाला, आणि मधोमध फुलावर आलेला हिरवागार अळसांदा. शेजारी रान, लपायला झुडपे, जवळ ओहोळ. अमेरिकी शिकारी जागा निवडताना नेमके हेच शोधतो. गवा, मेरू म्हणजे सांबर, भेकर, रानडुक्कर यांना कुणी निमंत्रण द्यावे लागत नाही. न नांगरल्याचा एक वेगळा परिणामही आहे. पेंढ्याखालच्या ओलसर मातीत गांडुळे आणि हुमणीच्या अळ्या वाढतात, आणि डुक्कर दाण्यापेक्षा त्यांच्यासाठीच वाफे उकरतो. एका रात्रीत त्याने केलेली ‘नांगरणी’ पाहिली की न नांगरण्याचा हट्ट कुठे गेला असे वाटते.

यावर उपाय शोधताना शिकाऱ्याचा नियम उलटा फिरवायचा. तो शेताच्या कडेला आडोसा राखतो, कारण उघड्यावर यायला हरीण बिचकते. आपण रानाच्या बाजूची पंधरा-वीस पावलांची पट्टी झुडपे काढून मोकळी ठेवायची. तो कोवळे, रसाळ पीक रानाला लागून पेरतो. आपण अळसांदा घराच्या बाजूला घ्यायचा आणि बाहेरच्या कडेला मिरची. मिरची हे पेडण्याचे जुनेच पीक, हरमलच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकनही आहे. भुकेले जनावर मिरचीचेही शेंडे खुडते, पण तिच्यासाठी मुद्दाम रान सोडून येत नाही. तो चारा महिनोन् महिने टिकेल असे मिश्रण पेरतो. आपण सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात पेरून एकदम काढायचे, म्हणजे राखणीच्या रात्री कमी होतात आणि मांगरात झोपायची पाळीही वाटून घेता येते. एकट्याने उशिरा पेरलेले शेत फेब्रुवारीत गावातले शेवटचे हिरवे शेत असते, आणि सगळी जनावरे मग तिथेच जमतात. काजूच्या हंगामात बोंडू झाडाखाली कुजत पडू देणे हेही आमंत्रणच. ते रोजच्या रोज गोळा करावेत.

सौर कुंपण चालते, पण तारांना टेकणारे गवत महिन्यातून दोनदा कापले तरच. झटका गवतातून जमिनीत उतरला की ती नुसती तार उरते. घरातली वीज थेट तारेला जोडणे मात्र खुनासारखेच आहे. त्यात गवे मरतात, माणसेही मरतात, आणि दोन्हींसाठी तुरुंग आहे. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटा अडकल्याच्या बातम्याही गोवा आणि सिंधुदुर्गात नव्या नाहीत.

हे सगळे खुरवाल्या जनावरांपुरते. २००२मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले आणि तिळारीच्या खोऱ्यात त्यांचे येणे-जाणे सुरू झाले. २०२५च्या पावसाळ्याअखेर ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा तरुण हत्ती हद्द ओलांडून पेडण्यात मोपा-तांबोशाच्या बाजूला आला. हत्तीपुढे मोकळी पट्टी, मिरचीची ओळ, दोन तारा यांतले काहीच टिकत नाही. तो येतो ते पिकलेल्या भातासाठी, केळीसाठी, माडासाठी. तेव्हा फटाके वाजवत मागे धावण्यापेक्षा वनखात्याला कळवावे, रात्री शेतात जाऊ नये, आणि पिकलेले भात असेल तर दिवसाउजेडी कापून घरी आणावे.